पहिले मराठी ईबुक : एकाच दुकानाशी करार करण्यापूर्वी

ॲमेझॉनच्या किंडल डायरेक्ट पब्लिशिंग या सेवेवर, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या केडीपीवर, पुस्तक चढवताना किंमत भरण्याच्या पानावर एक छोटी चौकट दिसते. हे पुस्तक ‘केडीपी सिलेक्ट’मध्ये नोंदवायचे आहे का, एवढेच तिथे विचारलेले असते. पुस्तक लवकर प्रकाशित व्हावे या घाईत बहुतेक नवे लेखक त्या चौकटीत खूण करून पुढे जातात. त्या एका खुणेने तुमच्या पुस्तकाची डिजिटल आवृत्ती पुढचे ९० दिवस फक्त ॲमेझॉनवर राहील, असे तुम्ही कबूल केलेले असते. ती मुदत संपताच, तुम्ही काहीही केले नाही तर, पुढचे ९० दिवस आपोआप सुरू होतात.

ही अट मुळातच वाईट आहे असे मी म्हणणार नाही, कारण काही पुस्तकांना तिचा खरोखर फायदा होतो. मात्र पहिले मराठी पुस्तक घेऊन येणाऱ्या लेखकाने ती विचार न करता स्वीकारू नये, असे माझे ठाम मत आहे. पुस्तक कोणाला कुठे वाचता येईल हे या अटीने ठरते, आणि रॉयल्टीचा आकडा पाहताना हा मुद्दा नजरेआड होतो. पुढे दिलेल्या पायऱ्या त्याच क्रमाने घेतल्या तर निर्णय सोपा जातो.

१. ईबुकचे हक्क तुमच्याकडे आहेत का?

पुस्तक पूर्वी छापील स्वरूपात आलेले असेल तर सर्वांत आधी प्रकाशकाशी झालेला करार शोधून काढावा. भारताच्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या अधिनियमात, हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हस्तांतरण भारतापुरते धरले जाते. घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरलाच नाही, तर करारात वेगळे काही नमूद नसल्यास तो हक्क संपुष्टात येतो. मुदत, प्रदेश आणि वापर यांबाबतच्या या तरतुदी १९९४ च्या दुरुस्तीने आल्या आणि त्यापूर्वीच्या करारांना त्या लागू नाहीत. हे लक्षात ठेवावे, कारण मराठीतील अनेक चांगली पुस्तके त्याआधीच्या करारांवर छापलेली आहेत.

२०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली. हस्तांतरणाच्या वेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर ते हस्तांतरण त्या माध्यमाला लागू होत नाही. ज्या काळात ईबुकचा विचारही नव्हता त्या काळातील एका पानाच्या करारावर सही केलेल्या लेखकाला हा मोठा आधार ठरू शकतो. तरीही २०१२ पूर्वीच्या करारांबाबत वकिलाचा सल्ला घ्यावा आणि प्रकाशकाला एक सभ्य पत्र पाठवून स्थिती लेखी करून घ्यावी. माझ्या पाहण्यात बरेच प्रकाशक असे पत्र आल्यावर समजुतीने वागतात. नाराजी होते ती न विचारता पुस्तक ऑनलाइन दिसल्यावर.

मुखपृष्ठाच्या चित्राचे डिजिटल हक्क चित्रकाराकडून लेखी घ्यावेत. अनुवाद असेल तर मूळ लेखकाकडून किंवा त्यांच्या वारसांकडून ईबुकची परवानगी वेगळी मागावी. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे उलटून गेलेले, कॉपीराइटमुक्त साहित्य तुम्ही नव्याने आणत असाल तर सिलेक्टचा प्रश्नच उरत नाही, कारण असे साहित्य तिथे घेतले जात नाही.

२. तुमचा वाचक कुठे वाचतो हे आधी लिहून काढा

हे काम तासाभराचे आहे, तरी ते सहसा कोणी करत नाही. तुमची आधीची पुस्तके, लेख किंवा दिवाळी अंकांतील कथा वाचून ज्यांनी पत्रे, ईमेल किंवा व्हॉट्सॲप संदेश पाठवले असतील, त्यांतील काही जणांना सरळ विचारावे की ते पुस्तक कशावर वाचतात आणि पैसे कसे भरतात. उत्तरे पाहिली की लक्षात येते की ‘ईबुक वाचणारा मराठी माणूस’ असा एकच माणूस नसतो. न्यू जर्सीतील वाचकाकडे किंडल हे ॲमेझॉनचे वाचनयंत्र असते आणि तो अमेरिकेच्या दुकानातून खरेदी करतो. नाशिकची निवृत्त शिक्षिका फोनवर वाचते आणि यूपीआयशिवाय दुसऱ्या मार्गाने पैसे भरायला तयार नसते. काहींनी बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या दुकानाचे ॲप वर्षानुवर्षे वापरले आहे आणि त्यांची सगळी मराठी पुस्तके तिथेच आहेत. काहींना अक्षर मोठे करता आले नाही तर वाचताच येत नाही, आणि दृष्टिहीन वाचक फोनच्या आवाजावर, म्हणजे स्क्रीन रीडरवर, अवलंबून असतात.

किंडलवरील पुस्तक वाचण्यासाठी किंडल हे यंत्र लागत नाही. फोनवरचे मोफत ॲप पुरते. मात्र गूगल प्लेच्या बिलिंग नियमांमुळे २०२२ मध्ये अँड्रॉइडवरील किंडल ॲपमधून पुस्तक थेट विकत घेण्याची सोय काढली गेली आणि वाचकाला ब्राउझरमध्ये ॲमेझॉनच्या संकेतस्थळावर जाऊन खरेदी करावी लागू लागली. पट्टीच्या वाचकाला यात काही अडचण वाटत नाही. नातवाने ॲप टाकून दिलेल्या आजोबांना मात्र पुस्तक दिसते आणि विकत घेण्याचे बटण सापडत नाही. तेव्हा जाहिरातीत नेहमी पुस्तकाच्या पानाचा थेट दुवा द्यावा; ‘किंडलवर शोधा’ एवढे लिहून भागत नाही.

वाचकाच्या बाजूने आणखी एक गोष्ट पाहायला हवी. दुकाने बंद होतात. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये सुरू केलेली ईबुकची विक्री डिसेंबर २०१५ मध्ये थांबवली आणि ग्राहकांना कोबो या दुसऱ्या ईबुक दुकानाकडे वळवले. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१९ मध्ये आपले ईबुक दुकान बंद केले, त्याच वर्षीच्या जुलैपासून विकत घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली आणि ग्राहकांना पैसे परत देण्यात आले. पैसे परत मिळाले तरी समासात काढलेली टिपणे गेलीच. ईबुक घेताना वाचकाला बहुतेक वेळा वाचण्याचा परवाना मिळतो, मालकी मिळत नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्याने ही गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगावी असा कायदाच आहे. ज्या वाचकाला हे कळले आहे तो आपल्या पसंतीच्या दुकानातून, आपल्याला उतरवून ठेवता येईल अशा स्वरूपात पुस्तक मागतो, आणि तसे मागण्याचा त्याला अधिकार आहे.

३. सिलेक्टची अट शब्दशः वाचा

केडीपी सिलेक्ट डिसेंबर २०११ मध्ये सुरू झाले. आज त्याचे मुख्य आकर्षण म्हणजे किंडल अनलिमिटेड ही वर्गणीची योजना. ती अमेरिकेत जुलै २०१४ मध्ये आणि भारतात सप्टेंबर २०१५ मध्ये आली. वर्गणीदार त्या संग्रहातील पुस्तके वेगळे पैसे न देता वाचतो आणि लेखकाला त्याच्या वाचलेल्या पानांनुसार वाटा मिळतो. आधी पुस्तकाचा दहावा हिस्सा वाचला गेला की ठरावीक रक्कम मिळत असे. जुलै २०१५ पासून हिशेब पानांवर आला. ही पाने छापील पाने नव्हेत. ॲमेझॉन आपल्या मापाने प्रत्येक पुस्तकाची पाने मोजते आणि दर महिन्याला जाहीर होणाऱ्या सामाईक निधीतून पानामागे दर ठरतो. हा दर दर महिन्याला बदलतो, देशागणिक वेगळा असतो आणि भारतात तो रुपयाचा लहानसा अंश असतो.

याशिवाय दर ९० दिवसांत पाच दिवस पुस्तक विनामूल्य ठेवता येते. ठरावीक काळासाठी किंमत उतरवण्याची ‘काउंटडाउन’ सवलतही आहे, पण ती अमेरिका आणि ब्रिटन येथील दुकानांपुरतीच असल्याने मराठी लेखकाने तिच्यावर फारशी भिस्त ठेवू नये.

आता बंधनाची बाजू. ते फक्त डिजिटल आवृत्तीवर असते. छापील पुस्तक अप्पा बळवंत चौकात, ग्रंथप्रदर्शनात, साहित्य संमेलनात, कुठेही विकायला तुम्ही मोकळे असता. डिजिटल मजकुराचा मात्र दहा टक्क्यांपर्यंतचा भागच नमुना म्हणून अन्यत्र ठेवता येतो. विनामूल्य दिले तरी अटीचा भंग होतो. पीडीएफ आपल्या ब्लॉगवर ठेवली, वाचकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली किंवा ई साहित्य प्रतिष्ठानासारख्या विनामूल्य मराठी ईबुकांच्या ग्रंथालयाला दिली, तरी ते वितरणच ठरते. संपादन आणि मुद्रितशोधनासाठी प्रत ईमेलने पाठवायला, तसेच परीक्षकांना द्यायला हरकत नसते.

मराठी लेखक याच ठिकाणी नकळत अडकतात. आपल्याकडे कथासंग्रह बहुधा आधी सुट्या कथांच्या रूपाने येतो: एखादी कथा डिजिटल दिवाळी अंकात, दुसरी प्रतिलिपी या ऑनलाइन लेखनमंचावर, तिसरी एखाद्या संकेतस्थळावर आणि ललित लेख फेसबुकवर. पुढे त्यांचे पुस्तक होते तेव्हा त्या जुन्या प्रती आंतरजालावर तशाच असतात. संग्रहाचा बराचसा भाग असा अन्यत्र उपलब्ध असेल तर सिलेक्टची अट पहिल्याच दिवशी मोडलेली असते. म्हणून नोंदणीपूर्वी प्रत्येक कथेतील एखादे वेगळे वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधावे, सापडलेल्या जागांची यादी करावी आणि जिथून मजकूर काढणे तुमच्या हातात आहे तिथून तो काढावा. दिवाळी अंकाच्या संपादकांना आपला अंक आंतरजालावरून उतरवायला सांगणे मला तरी प्रशस्त वाटत नाही. अशा संग्रहाने सिलेक्टच्या वाटेला जाऊ नये, हेच बरे.

टेलिग्रामवरील चोरट्या पीडीएफ हा मराठी पुस्तकांना छळणारा वेगळाच त्रास आहे. अशी प्रत सापडली तर ती काढण्यासाठी केलेल्या तक्रारींच्या प्रती तारखेसह जपून ठेवाव्यात, म्हणजे अटीबद्दल विचारणा झाली तर उत्तर देता येते.

मोठ्या प्रकाशनसंस्थांची काही पुस्तके किंडल अनलिमिटेडमध्ये असूनही दुसऱ्या दुकानांत विकली जातात, कारण त्यांचे करार वेगळे असतात. स्वतः पुस्तक चढवणाऱ्या लेखकाला तशी मुभा नाही. कोबोची वर्गणी योजना मात्र लेखकाकडून अशी अट मागत नाही, म्हणजे वर्गणी आणि बंधन यांचे नाते अपरिहार्य नाही.

४. पैशांचा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी करा

भारतीय लेखकापुढील खरा मोह पानांच्या दरात नसून रॉयल्टीच्या टक्केवारीत आहे. केडीपीवर ३५ टक्के आणि ७० टक्के असे रॉयल्टीचे दोन दर आहेत. अमेरिका, ब्रिटन आणि इतर अनेक देशांत, किंमत ठरलेल्या मर्यादेत असेल तर, सिलेक्टशिवायही ७० टक्के मिळतात. अमेरिकेत ही मर्यादा २.९९ ते ९.९९ डॉलर आहे. भारत, जपान, ब्राझील आणि मेक्सिको येथील ग्राहकांना झालेल्या विक्रीवर मात्र ७० टक्के हवे असतील तर पुस्तक सिलेक्टमध्ये असावे लागते. नसेल तर ३५ टक्के.

एक उदाहरण घेऊ. छापील पुस्तकाची किंमत २०० रुपये आहे. ७० टक्क्यांच्या पर्यायात ईबुकची किंमत छापील किमतीपेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी असावी लागते, म्हणजे ती १६० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. आपण १५० ठेवू. कर आणि फाइलच्या आकारानुसार कापला जाणारा खर्च बाजूला ठेवला, तर सिलेक्टमध्ये प्रत्येक प्रतीमागे १०५ रुपये आणि सिलेक्टबाहेर ५२ रुपये ५० पैसे मिळतील. भारतात ॲमेझॉनवर १०० प्रती गेल्या तर फरक ५,२५० रुपयांचा. हा फरक भरून काढायला ७० टक्के देणाऱ्या दुसऱ्या दुकानात ५० प्रती विकाव्या लागतील. स्वतः वाचकाला थेट विकून, पैसे स्वीकारण्याचा खर्च वजा जाता १४५ रुपये हाती येत असतील, तर ३७ प्रती पुरतात.

आता हाच हिशेब दुसऱ्या पायरीत लिहून काढलेल्या वाचकांच्या यादीशी ताडून पाहावा. ज्याचे बहुतेक वाचक भारतात आहेत, ॲमेझॉनवरच खरेदी करतात आणि भरभर वाचून पुढचा भाग मागतात, अशा रहस्यकथांच्या किंवा प्रेमकथांच्या मालिकेच्या लेखकाला सिलेक्ट परवडते. वाचलेल्या पानांचे पैसेही अशाच पुस्तकांना बरे मिळतात. ज्याचे वाचक अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये आहेत त्याला त्या विक्रीवर ७० टक्के तसेही मिळणार असतात. आणि ज्याच्याकडे ईमेलच्या यादीत किंवा व्हॉट्सॲपवर ओळखीचे दोन-तीनशे वाचक आहेत, त्याला ३७ प्रती थेट विकणे अवघड जाऊ नये. कविता, स्थानिक इतिहास, बोलीभाषेतील लेखन, एखाद्या गावाची किंवा घराण्याची हकिगत अशा पुस्तकांचा वाचक विखुरलेला आणि निश्चयी असतो. तो पुस्तक शोधत येतो, तेव्हा त्याला सोयीच्या जागी ते मिळालेच पाहिजे. अशा पुस्तकाला एका दुकानात कोंडून ठेवण्यात मला कोणाचेच हित दिसत नाही.

५. तुमची स्वतःची स्वच्छ ईपब फाइल तयार ठेवा

निवड काहीही असो, ही पायरी टाळू नये. ईपब हे ईबुकचे खुले मानक आहे. गूगल प्ले बुक्स, कोबो, ॲपल बुक्स हे सर्व ते घेतात, केडीपीही घेते, आणि २०२२ पासून वाचकाला आपल्याजवळची ईपब फाइल ‘सेंड टू किंडल’ने स्वतःच्या किंडलवर पाठवता येते. तेव्हा तुम्ही थेट विकलेली ईपब किंडलधारकालाही वाचता येते. ज्याच्याकडे अशी फाइल आहे तो ९० दिवसांनी दुसरीकडे जाऊ शकतो. ज्याने फक्त एका दुकानाच्या साधनात पुस्तक घडवले आणि मूळ फाइल ठेवली नाही, त्याला सगळे पुन्हा करावे लागते.

मराठीत इथे एक खास अडचण आहे. छापखान्याकडून मिळणारी फाइल बहुधा श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असते, युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांना समजणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतांत, नसते. ती ईबुकला चालत नाही. रूपांतर करावे लागते, आणि रूपांतरक ठरलेल्या जागी चुकतात. सर्वांत जास्त फटका ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांना बसतो. ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ असे असते तिथे ‘सह्याद्रीच्या दर्या’ होते, आणि दोन्ही शब्द खरे असल्याने शुद्धलेखन तपासणारे साधन काहीच खूण करत नाही. म्हणून फाइलमध्ये ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहावी: ‘सूर्य’ राहू द्यावा, ‘वाऱ्यावर’ आणि ‘तऱ्हा’ दुरुस्त करावेत. तीच गत ‘ॲ’ची, काही कळफलक ते एक अक्षर म्हणून उमटवतात आणि काही ‘अ’वर चंद्र चढवून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्राला ते वेगळे वाटू शकतात. पुस्तकाचे नाव आणि लेखकाचे नाव सर्व दुकानांत एकाच पद्धतीने टंकित करावे, नाहीतर एका दुकानात सापडणारे पुस्तक दुसरीकडे शोधूनही सापडत नाही.

पीडीएफवर समाधान मानू नये. फोनवर पीडीएफचे पान आवळते, अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते, आणि जुन्या फॉन्टमधील पीडीएफ स्क्रीन रीडरला निरर्थक अक्षरांसारखी ऐकू येते. युनिकोडमधील ईपब मोठ्या अक्षरात वाचता येते आणि ऐकताही येते.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. किंडलला तो सक्तीचा नाही, कारण ॲमेझॉन स्वतःचा क्रमांक देते. इतर दुकानांसाठी ईपबचा वेगळा क्रमांक घेऊन ठेवावा. छापील आवृत्तीचा क्रमांक ईबुकला वापरू नये.

६. डीआरएमचा प्रश्न

पुस्तक चढवताना डीआरएम, म्हणजे डिजिटल कुलूप, हवे का हेही विचारले जाते. ते सिलेक्टपासून वेगळे आहे आणि त्याचे उत्तर लेखकच देतो. माझा सल्ला ‘नको’ असा आहे. पुस्तकाची पाने फोनने टिपून पीडीएफ बनवणाऱ्याला हे कुलूप अडवत नाही. यंत्र बदलणाऱ्या प्रामाणिक वाचकाला मात्र अडवते. २६ फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेले किंडल पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने हलवण्याची सोय ॲमेझॉनने बंद केली. त्यानंतर, डीआरएम न लावलेली केडीपीची पुस्तके जानेवारी २०२६ पासून ग्राहकाला ईपब किंवा पीडीएफ म्हणून उतरवता येतील, असेही ॲमेझॉनने जाहीर केले. म्हणजे वाचकाला त्याची प्रत खरोखर हाती द्यायची की नाही, हे आता बऱ्याच अंशी लेखकाच्या एका उत्तरावर अवलंबून आहे. गूगल प्लेवरही हा पर्याय प्रकाशकाच्या हातात असतो.

७. क्रम ठरवा

सिलेक्ट न घेण्याचे ठरले तर पुस्तक केडीपीवर ती चौकट मोकळी ठेवून चढवावे. पाठोपाठ गूगल प्ले बुक्सवर आणि बुकगंगासारख्या मराठी दुकानात द्यावे. परदेशी वाचक असतील तर कोबो आणि ॲपलचाही विचार करावा. प्रत्येक दुकानाशी स्वतः व्यवहार करण्याचा कंटाळा असेल तर ड्राफ्ट टू डिजिटलसारखे वितरक आपले कमिशन घेऊन अनेक दुकानांत पुस्तक पोहोचवतात, पण ते मराठी पुस्तक कोणकोणत्या दुकानांत घेतात हे आधी विचारून घ्यावे. कोणत्याही दुकानाकडून, ते मराठी असले तरी, चार गोष्टी लेखी घ्याव्यात: अनन्यतेची, म्हणजे फक्त त्याच दुकानात विकण्याची, अट आहे का, असल्यास किती काळ, पुस्तक मागे घेण्याची पद्धत काय, आणि विक्रीचा अहवाल किती दिवसांनी मिळतो. आपल्याकडे ओळखीवर आणि विश्वासावर कामे होतात, ते चांगलेच आहे. पण माणसे बदलतात तेव्हा कागदच उपयोगी पडतो.

किंमत सर्व ठिकाणी सारखी ठेवावी. दुसरीकडे ती कमी दिसली तर ॲमेझॉन आपल्या दुकानातील किंमत तिच्याशी जुळवू शकते, आणि ७० टक्क्यांच्या पर्यायात रॉयल्टी त्या उतरलेल्या किमतीवर मोजली जाते.

सिलेक्ट घेण्याचे ठरले तर तो एका मुदतीचा प्रयोग समजावा. नोंदणी करताच केडीपीच्या बुकशेल्फमध्ये, म्हणजे तुमच्या पुस्तकांची यादी असलेल्या पानावर, जाऊन आपोआप नूतनीकरणाची खूण काढून टाकावी आणि मुदत संपण्याची तारीख दिनदर्शिकेत मांडून ठेवावी. खूण काढल्याने चालू मुदतीतील कोणताही लाभ कमी होत नाही. जे वाचक दुसरीकडे वाचतात त्यांना ‘अमुक महिन्यापासून अन्य ठिकाणीही मिळेल’ असे आधीच सांगावे. ते थांबतात, पण त्यांना तारीख हवी असते. दिवाळीचा काळ मराठी पुस्तकांच्या खरेदीचा असतो, त्यामुळे बंधनाची मुदत त्या आधी संपेल अशा बेताने नोंदणी करावी.

८. बाहेर पडताना

मुदत संपण्यापूर्वी पुस्तक दुसरीकडे चढवू नये, अगदी पूर्वमागणीसाठीही नाही. केडीपीवरून पुस्तक उतरवले तरी बंधन संपत नाही. चालू ९० दिवस ते पाळावेच लागते. अट मोडली तर पुस्तक योजनेतून काढले जाऊ शकते आणि रॉयल्टी अडकू शकते. मुदत संपल्याची खात्री बुकशेल्फमध्येच करावी, अंदाजाने धरू नये. ज्या वर्गणीदारांनी तोवर पुस्तक घेऊन ठेवले असेल त्यांना ते पुढेही वाचता येते आणि त्यांच्या पानांचे पैसे तुम्हाला मिळत राहतात.

बाहेर पडण्याचा निर्णय तीन महिन्यांच्या अहवालावर घ्यावा. त्यात तीन आकडे पाहावेत: भारतातील विकलेल्या प्रती, परदेशातील विकलेल्या प्रती आणि वर्गणीदारांनी वाचलेली पाने. वाचलेल्या पानांचे पैसे नगण्य असतील आणि परदेशातील विक्री भरीव असेल तर राहण्याचे कारण उरत नाही. भारतातील प्रती भरपूर गेल्या असतील तर चौथ्या पायरीतला हिशेब खऱ्या आकड्यांनी पुन्हा मांडावा. इतरत्र किती प्रती जायला हव्यात ते कळते, आणि तेवढे वाचक तुमच्या यादीत आहेत का हेही.

बाहेर पडल्यावर भारतातील रॉयल्टी ३५ टक्क्यांवर येते, तेव्हा किमतीचा फेरविचार त्याच दिवशी करावा. नव्या दुकानांत पुस्तक दिसू लागले की सर्व दुवे असलेले एक साधे पान तयार करावे आणि छापील पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत मलपृष्ठावर त्याच पानाचा क्यूआर कोड द्यावा, एखाद्या एकाच दुकानाचा नव्हे. ईबुकच्या शेवटच्या पानावर ‘पुढचे पुस्तक इथे मिळेल’ म्हणून एकाच दुकानाचा दुवा घातलेला असेल तर तो बदलून नवी फाइल सर्वत्र चढवावी, कारण प्रतिस्पर्ध्याच्या दुकानाचा दुवा असलेले पुस्तक काही दुकाने परत पाठवतात.